जोडउपचारांची कसोटी



आजचा विषय व्याख्यानमंडपापेक्षा दवाखान्यात अधिक शोभेल, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. लठ्ठपणा आणि इन्शुलिनरोध यांवर एकापेक्षा अधिक उपाय एकत्र योजले, तर त्यांचा खरा गुण किती हे कसे ठरवावे, असा हा विषय आहे. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, ते पाहिले की हा विषय दवाखान्याच्या चार भिंतींत कोंडून ठेवण्याजोगा नाही हे ध्यानी येते. त्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढ माणसे मोजली तर चारांत एक, असे हे प्रमाण पडते. या माणसांपैकी एकच एक उपाय चालू आहे अशी फार थोडी सापडतील. पथ्याचा कागद, सकाळचे चालणे, एक गोळी, मग दुसरी गोळी, आणि आता आठवड्याची सुई, अशी जोडणी होत जाते. एका उपायाने थोडा गुण आला म्हणजे दोहोंनी दुप्पट येईल, हा हिशेब आपण मनाशी धरूनच चालतो. हा हिशेब बरोबर आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढण्यात यश मिळवले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. तेव्हा सर्वांची समजूत अशी झाली की मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा तुटवडा. १९३६ साली हिम्सवर्थ या इंग्रज वैद्याने दाखवून दिले की मधुमेह्यांत दोन जाती आहेत. काहींना इन्शुलिन टोचले की रक्तातील साखर झपाट्याने उतरते. काहींच्या शरीरावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. पुढे १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या यॅलो आणि बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत बसवली, तेव्हा आणखी नवल दिसले. प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हतेच, उलट भरपूर होते. म्हणजे हाक मारणारा हाक मारतो आहे, पण ऐकणारे कान देत नाहीत. स्नायू, यकृत आणि चरबी यांच्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आवाज चढवते, अधिक इन्शुलिन सोडते. पुष्कळ वर्षे हे निभते. एके दिवशी त्याचाही घसा बसतो आणि मग साखर वाढू लागते. या दाद न देण्यालाच इन्शुलिनरोध म्हणावयाचे.

लठ्ठपणा आणि हा रोध पुष्कळदा एकत्र नांदतात, म्हणून एक गेला की दुसरा गेलाच, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ही दोन निराळी खाती आहेत. २००४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथील क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. प्रत्येकीची सुमारे ९ ते १० किलो चरबी गेली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तर इन्शुलिनला दाद देण्याच्या बाबतीत काडीचाही फरक पडलेला नव्हता. उलटही उदाहरण आहे. पायोग्लिटाझोन नावाचे औषध रोध चांगलाच कमी करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ६०२ उंबरठ्यावरील लोकांत त्याने मधुमेहाचे प्रमाण ७२ टक्क्यांनी उतरवले. परंतु औषध घेणाऱ्यांचे वजन मात्र सरासरी ४ किलोच्या जवळपास वाढले!

यात आपल्या पुण्याचा एक धडा फार मोलाचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे स्नेही डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात हेही दिसले की आपली नवजात बालके वजनाने सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलो, पण आपल्या लहानग्यांच्या अंगात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने राखलेली असते. काट्यावर सडसडीत दिसणारा माणूस आतून लठ्ठ असू शकतो, असा याचा अर्थ.

तेव्हा जोडउपचाराची परीक्षा करावयाची तर वजनाचा काटा हा एकच साक्षीदार पुरणार नाही. रोधाचेही मोजमाप हवे. त्याचा एक सोपा हिशेब ऑक्सफर्डच्या वैद्यांनी १९८५ साली दिला. उपाशीपोटी रक्तातील साखरेचा आकडा घ्यावा, त्याला उपाशीपोटीच्या इन्शुलिनच्या आकड्याने गुणावे आणि आपल्याकडील एककांत ४०५ ने भागावे. साखर ९० आणि इन्शुलिन ९ असेल तर उत्तर २ येते; साखर १०८ आणि इन्शुलिन १५ असेल तर ४ येते. दुसऱ्या माणसाचा रोध पहिल्याच्या दुप्पट, असा याचा ढोबळ अर्थ. हे माप अंदाजाचे आहे. परंतु हजार माणसांत दोन उपचारांची तुलना करावयाची झाली तर ते उपयोगी पडते.

आता उपाय जोडावेतच का, हा प्रश्न घेऊ. हे खूळ नव्हे. जोडण्याला सबळ कारण असू शकते. क्षयाचे उदाहरण पाहा. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची सुप्रसिद्ध चाचणी झाली, तीत रोगी सुधारले खरे, पण पुष्कळांच्या जंतूंनी औषधाला जुमानणे सोडले. १९५० साली त्याच्या जोडीला दुसरे औषध देऊन पाहिले, तेव्हा जंतूंची ही पळवाट बरीचशी बंद झाली. लठ्ठपणातही पळवाट आहे, पण ती शरीराचीच. आहार कमी केला की शरीर त्याला दुष्काळ समजते. भूक वाढवते आणि खर्च आवरते. एका दाराने वजन बाहेर काढावे तर ते दुसऱ्या दाराने परत येते. म्हणून दोन्ही दारे एकदम अडवावीत, हा विचार तर्कशुद्ध आहे. चरकाने ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल माणसाला पचायला जड पण पोषण न वाढवणारे अन्न द्यावे असे सांगून त्याला व्यायामाची जोड दिली आहे, त्यातही हीच दृष्टी आहे. परंतु तर्कशुद्ध असणे आणि खरे ठरणे यांत अंतर असते, आणि ते अंतर चाचणीनेच तोडावे लागते.

ही चाचणी कशी करावी हे शेतीने वैद्यकाला शिकवले. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात काम करीत असता फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात त्याचे तंत्र बसवले. समजा, आपल्याला खत आणि पाणी या दोहोंचा गुण पाहावयाचा आहे. चार वाफे घ्यावेत. पहिल्याला काहीच जादा देऊ नये, दुसऱ्याला नुसते खत द्यावे, तिसऱ्याला नुसते पाणी आणि चौथ्याला दोन्ही. कोणत्या वाफ्याला काय द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर चांगली जमीन नकळत आपल्या आवडत्या वाफ्याच्या वाट्याला जाते. मग चौथ्याचे पीक नुसते मोठे आहे हे पाहून भागत नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्यांहून किती मोठे आहे हे पाहावे लागते. माणसांच्या बाबतीत पहिल्या वाफ्याला लुटुपुटूची गोळी मिळते, एवढाच फरक. तात्पर्य, दोन उपायांच्या जोडीची साक्ष चार गटांवाचून पुरी होत नाही.

ही साक्ष न काढता गेल्याचे काय फळ मिळते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन ही दोन्ही औषधे वेगवेगळी मान्य झालेली होती. एकाने ग्लानी येई, दुसऱ्याने तरतरी येई. तेव्हा दोन्ही थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र दिली तर भूक मारली जाईल आणि त्रासही कमी होईल, अशी कल्पना निघाली. १२१ लोकांवरील एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि या जोडीची लाटच उसळली. जोडी म्हणून तिला सरकारी मान्यता कधीच नव्हती, तरी १९९६ या एका वर्षात दोन्ही औषधांच्या मिळून १ कोटी ८० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७ साली मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याच सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून काढून घेण्यात आले. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. झडपांचा अपराधी जोडी नव्हे, फेनफ्लुरामिन हाच होता, हे पुढे सिद्ध झाले. पण जोडीच्या लोकप्रियतेमुळे ते औषध लक्षावधी लोकांच्या पोटात महिनोन्‌महिने गेले. १२१ माणसांत दहाहजारांतून एखाद्याला होणारा अपाय दिसत नाही, आणि हृदयाची तपासणीच न केल्यास तो हजारांतही दिसत नाही.

मौज अशी की त्याच जोडीतले निर्दोष ठरलेले फेन्टरमिन पुढे टोपिरामेट या दुसऱ्या औषधाबरोबर परत आले. या वेळी मात्र वाफे नीट आखले गेले होते. ७५६ लोकांच्या एका चाचणीत २८ आठवड्यांनी लुटुपुटूच्या गोळीवर वजन १.७ टक्के उतरले, नुसत्या फेन्टरमिनवर ६.१, नुसत्या टोपिरामेटवर ६.४ आणि दोहोंवर ९.२ टक्के. हिशेब करून पाहा. लुटुपुटूच्या गोळीचा वाटा वजा केला तर पहिल्याचा स्वतःचा गुण ४.४, दुसऱ्याचा ४.७. बेरीज ९.१ व्हावयास हवी. प्रत्यक्षात जोडीचा गुण ७.५ भरला. एकाहून दोन बरे, पण दुप्पट नव्हेत. २०१२ साली या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. गर्भारपणात ती घेतल्यास बालकाला दुभंग ओठाचा धोका असतो, ही ताकीद तिच्यासोबत कायम आहे.

आता आपल्या देशातील उदाहरण घेऊ, कारण ते आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. अमेरिकेत ३,२३४ लोकांची जी मोठी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात आहार व व्यायाम यांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण दोन्ही एकत्र दिलेला गट तिच्यात नव्हताच. तो चौथा वाफा मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. रामचंद्रन यांनी आखला. ५३१ लोक उंबरठ्यावरचे, चार गट. तीन वर्षांत काहीच विशेष न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्के, नुसत्या मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ टक्के. आणि दोन्ही केलेल्या गटात? ३९.५ टक्के! दोन्ही गुण एकमेकांत मिळाले असते तर हा आकडा पंचवीसच्या आसपास यावयास हवा होता. जोडीने काही म्हणता काही जास्त दिले नाही. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे त्याच मंडळींनी आहार-व्यायामाला पायोग्लिटाझोनची जोड देऊन पाहिली, तीही फुकट गेली.

याचे कारण काय असावे? आमच्या मते, दोन्ही उपाय एकाच दाराशी उभे होते. चालणे आणि मेटफॉर्मिन हे दोन्ही मुख्यत्वे रोधाच्याच बाजूने काम करतात. एकाने जे साधले ते दुसऱ्याला पुन्हा साधता आले नसावे. शिवाय मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे लहान होती. पण कारण काहीही असो, हा निकाल ज्याच्या हाती आहे त्याला उंबरठ्यावरच्या गरीब माणसाला निःशंकपणे सांगता येते की, बाबा, तू नेमाने चालतोस आणि जपून खातोस, तर तुला या गोळीचा खर्च नको. नकारार्थी निकालाची किंमत ती ही. आणखी एक गोष्ट या चाचणीत दिसली. आहार-व्यायाम करणाऱ्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नव्हते, तरीही मधुमेह टळला. नुसत्या काट्याकडे पाहणाऱ्याने हा उपाय निष्फळ म्हणून सोडून दिला असता.

जोड फळते तेव्हा कशी फळते, हे कोपनहेगनच्या चाचणीत पाहावे. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. १९५ लठ्ठ लोकांनी आठ आठवडे कडक पथ्य करून सरासरी १३.१ किलो वजन उतरवले. मग त्यांचे चार गट केले: लुटुपुटूची सुई, व्यायाम, लिराग्लुटाइड नावाची सुई, आणि सुई व व्यायाम दोन्ही. वर्षअखेर पहिल्या गटाशी तुलना करता व्यायामाच्या गटाचे वजन ४.१ किलोंनी, सुईच्या गटाचे ६.८ किलोंनी आणि जोडीच्या गटाचे ९.५ किलोंनी कमी भरले. अंगातील चरबीचे प्रमाण जोडीत एकेकट्या उपायाच्या सुमारे दुपटीने उतरले. आणि इन्शुलिनला दाद देण्याची शक्ती व दमसास या दोहोंत सुधारणा झाली ती जोडीच्या गटात. येथे दारे दोन होती. सुईने भूक आवरली आणि व्यायामाने स्नायू राखले. म्हणून जोड लागू पडली. सुई थांबवून वर्ष उलटल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा नुसती सुई घेणाऱ्यांचे वजन व्यायाम केलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक परतले होते.

हा शेवटचा मुद्दा आजच्या दिवसांत फार महत्त्वाचा आहे. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरते, हे २०२१ साली दिसले. टिर्झेपाटाइड या एकाच रेणूत दोन संप्रेरकांचे काम साधलेले आहे. २०२२ च्या चाचणीत त्याच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के वजन उतरले. ही औषधे सामर्थ्यवान आहेत, यात वाद नाही. पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचे उतरलेले दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत आले. शिवाय उतरलेले सारे वजन चरबीचे नसते, त्यात स्नायूंचाही वाटा असतो. ज्या लोकांच्या अंगी जन्मापासून स्नायू कमी, त्यांना हा खर्च कितपत परवडेल? यांपैकी मोठ्या चाचण्यांत प्रवेश मिळाला तो निर्देशांक ३० किंवा निदान २७ असलेल्यांना. याज्ञिकांच्या छायाचित्रातला २२.३ चा भारतीय त्या मांडवात शिरूच शकला नसता. त्याच्यासाठी जोडउपचार कोणता, याची चाचणी त्याच्यावरच, म्हणजे आपल्यावरच, झाली पाहिजे.

आणि येथे एक अडचण उभी राहते. गोळी विकणारा असतो. चालणे विकणारा कोणी नसतो. दोन गोळ्या एका वेष्टनात घालून नवे नाव देणे सोपे. चार गट करून तीन वर्षे थांबणे खर्चाचे. आपल्या देशात याचा अनुभव आलेला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ३४४ जोडगोळ्यांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तज्ज्ञांनी पुन्हा तपासणी केली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ३२८ जोडगोळ्यांवर बंदी आली. त्यांत मधुमेहावरील तीन-तीन औषधांच्या काही गोळ्याही होत्या. त्या एकत्र घेण्यास वैद्यकीय आधार पुरेसा नाही, असे तज्ज्ञांचे म्हणणे होते. या गोळ्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या होत्या आणि लोकांनी विश्वासाने घेतल्या होत्या.

म्हणून श्रोत्यांपैकी प्रत्येकाने काही प्रश्न आपल्या पदरी बांधून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. कोणी जोडउपचार सुचवला तर नम्रपणे विचारावे : ही जोडी एकेकट्या उपायाशी ताडून पाहिली आहे काय? वजन उतरले ते चरबीचे की स्नायूंचे, आणि त्याबरोबर रोध उतरला काय? उपाय थांबवल्यावर काय होते? आणि ज्यांच्यावर ती पाहिली ते लोक आमच्यासारखे होते काय? चांगल्या डॉक्टराला या प्रश्नांचा राग येत नाही. मात्र या प्रश्नांच्या भरात चालू असलेले औषध आपल्या मनाने सोडून देऊ नये. मधुमेह एकदा उंबरठा ओलांडून आत आला की पुष्कळांना दोन औषधे खरोखरीच लागतात. चेन्नईचा निकाल उंबरठ्याबाहेरच्यांचा आहे, हे विसरता कामा नये.

आणखी एक मागणे आहे आणि ते जरा अवघड आहे. चाचणी म्हटली की आपण दचकतो. ‘आमच्यावर प्रयोग नको’ असे म्हणतो. हे भय निराधार नाही. संमतीवाचून माणसांना राबवल्याची उदाहरणे जगात झाली आहेत. म्हणूनच आज लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी यांचे नियम आहेत, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची झाली आहे. हे नियम पाळले जातात की नाही हे जरूर पाहावे. पण चेन्नईच्या त्या ५३१ माणसांनी नकार दिला असता तर आज त्यांच्यासारख्या कोट्यवधींना काय सांगावे हे आपल्याला कळले नसते. त्यांच्यातल्या चौथ्या भागाला तर विशेष उपचारही मिळाला नव्हता. तरी त्यांचा वाफा नसता तर बाकीच्या तिन्ही वाफ्यांचे पीक मोजता आले नसते. न चाचणी केलेली जोडगोळी सर्वांनी घेणे हाही एक प्रयोगच आहे. फरक इतकाच की त्याची कोणी नोंद ठेवत नाही, त्याला कोणाची संमती नसते आणि त्यातून कोणी काही शिकत नाही. नोंद ठेवलेला प्रयोग आणि नोंद न ठेवलेला प्रयोग यांतून निवड करावयाची असेल, तर आम्ही पहिला पत्करू, आणि आपणही तोच पत्करावा असे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.